सोलेरा : साल नसलेले जुने मद्य

शेरीचा अर्धा इतिहास तिच्या नावातच साठलेला आहे. दक्षिण स्पेनमधील ज्या गावी ती तयार होते, ते गाव आठव्या शतकापासून पाचशेहून अधिक वर्षे मुसलमानी अमलाखाली होते. अरबीत त्यास 'शरीश' म्हणत. १२६४ साली कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने ते जिंकले. स्पॅनिश जिभेवर त्याचे 'हेरेस' झाले आणि इंग्रजी जिभेवर 'शेरी'. १५८७ साली फ्रान्सिस ड्रेकने कादिस बंदरावर छापा घातला, तेव्हा त्याच्या लुटीत या मद्याची सुमारे २,९०० पिंपे होती असे सांगतात. इंग्रजांना तिची गोडी त्याआधीच लागली होती. लुटीने ती वाढवली, इतकेच. पुढे शेक्सपियरने फॉल्स्टाफच्या तोंडी तिची लांबलचक स्तुती घातली.

हेरेसमधील जुन्या मद्यशाळेस 'बोदेगा' म्हणतात. फ्रान्समध्ये मद्याची कोठारे बहुधा भुयारात असतात. येथे ती जमिनीवर आहेत. आम्ही पाहिली ती बोदेगा एखाद्या चर्चसारखी उंच, जाड भिंतींची. खिडक्या लहान आणि छताजवळ, त्यांवर गवताच्या चटया. खाली पिवळसर मातीची भुई. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. अटलांटिकचा दमट पश्चिम वारा आत यावा आणि कोरडा, तप्त पूर्व वारा बाहेर राहावा, यासाठी ही सारी रचना.

याचे कारण पिंपात आहे. पिंप काठोकाठ भरत नाहीत. सुमारे एक षष्ठांश जागा हवेसाठी मोकळी ठेवतात. मद्यार्काचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असले, की पृष्ठभागावर यीस्टची पांढुरकी साय धरते. तिला 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. ती हवेपासून मद्याचे रक्षण करते. त्यातून 'फिनो' होते. प्रमाण १७ टक्क्यांवर नेले, की फ्लोर जगत नाही. हवा लागून मद्य काळवंडते, ते 'ओलोरोसो'. आधी फ्लोरखाली आणि मग उघड्यावर मुरलेले ते 'आमोन्तियादो'.

लांब काडीच्या टोकाला अरुंद पेला असलेले 'बेनेन्सिया' नावाचे साधन साय न मोडता आत बुडवून मद्य काढतात. फिनो गवती रंगाचे, अगदी कोरडे. बदामाच्या सालीचा किंचित कडवटपणा आणि आंबवलेल्या कणकेचा वास. ओलोरोसोला अक्रोडाचा गंध. नाकाला गोड वाटते आणि जिभेला मुळीच गोड लागत नाही. शेवटी उन्हात वाळवलेल्या पेद्रो हिमेनेस द्राक्षांचे काळे, मनुकांच्या पाकासारखे दाट मद्य.

यावर साहजिक प्रश्न असा, की हे कोणत्या सालचे? हेरेसमध्ये बहुतेक मद्यांच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नसते. पिंपांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. विक्रीचे मद्य सर्वांत खालच्या, 'सोलेरा' नावाच्या रांगेतून थोडेसेच काढतात. तेवढीच भर तिच्यावरच्या रांगेतून घालतात, आणि सर्वांत वरच्या रांगेत नवे मद्य येते. पाटीवर साल असले, तर ते बहुधा ती सोलेरा मांडल्याचे. ५०० लिटरच्या पिंपातून दरवर्षी चतुर्थांश काढून तेवढेच भरले, तर त्यातल्या मूळ मद्याचे पन्नास वर्षांनी पाच-सहा थेंब उरतील, असा आमचा हिशेब. घरातल्या विरजणाचीच ही रीत : पहिले दही कधीच संपले, पण लागण तुटलेली नाही.

ही परंपरा मात्र पाहणाऱ्यास वाटते तितकी प्राचीन नाही. अठराव्या शतकात हेरेसच्या मद्यसंघाचे नियम द्राक्षबागायतदारांच्या बाजूचे होते; जुन्या मालाचा साठा करण्यास व्यापाऱ्यांना मज्जाव होता. दरवर्षी एकाच चवीचा माल मागणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला हे परवडणारे नव्हते. दीर्घ वादानंतर १८३४ साली संघ बरखास्त झाला आणि त्यानंतर सोलेरा खऱ्या अर्थाने फोफावली. म्हणजे आज ज्यास आपण परंपरा म्हणतो, ती बाजाराची मागणी आणि कायद्यातील बदल यांतून घडली. म्हणून ती खोटी ठरते असे आम्हांस वाटत नाही. परंपरेची पारख तिच्या जन्मतारखेवरून न करता ती काय राखते यावरून करावी.

राखणे नेहमीच जमले असे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त मालाचा पूर आला, शेरीची पत घसरली आणि हजारो हेक्टर वेली उपटाव्या लागल्या. इतर देशांतील मद्यांनाही तिचे नाव सर्रास लावले जाई. युरोपीय संघात १९९६पासून ते केवळ या परिसराचे झाले. २००० सालापासून सरासरी वीस व तीस वर्षे वयाच्या मद्यांना प्रमाणपत्र मिळू लागले. त्याची अट अशी, की वीस वर्षांचे एक लिटर विकायचे तर निदान वीस लिटर मागे शिल्लक हवे. हेरेसने आपल्या इतिहासातून घेतलेला धडा या एका अटीत आला आहे.