विहिरीची साक्ष

मुंबईच्या विहिरींचा इतिहास शोधता शोधता मी भूकंपलहरींच्या शास्त्रापर्यंत पोहोचलो. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी तबकडीवर घण मारायचा आणि ओळीने रोवलेल्या जिओफोनपर्यंत लहर केव्हा आली ते टिपायचे. ओल्या मुरमातून ती सेकंदाला दीड-दोन किलोमीटर जाते, तर घट्ट काळ्या कातळातून पाचेक किलोमीटर. त्यावरून थरांची खोली काढता येते. पण मुंबईचा खडक म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. घट्ट कातळाखाली पाणी धरणारा सच्छिद्र थर असला, तर या अपवर्तन पद्धतीला तो दिसतच नाही. तिथे साक्ष विहिरीचीच.

चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तिचे पाणी गोड. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांच्या अहवालाने हिवतापाच्या डासांचे घर म्हणून विहिरींकडे बोट दाखवले. पुढे कित्येक विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या. हेतू माणसे वाचवण्याचा होता. पण त्यांबरोबर भूगर्भाचे दफ्तरही बंद झाले.

आता गिरगाव-लालबागच्या चाळी पाडल्या जात आहेत. तिथली विहीर भरण्यापूर्वी खोली, पाण्याची पातळी आणि कडेचे थर तरी नोंदवून ठेवावेत. उद्याचे यंत्र त्याच नोंदीशी आपले उत्तर ताडून पाहील.