कारणे द्या



शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, आठवतो का? 'कारणे द्या : पुण्यातील जनतेत रँडविरुद्ध असंतोष पसरला.' प्लेगची साथ, घरांची झडती, सोजिरांचे अत्याचार. तीन मुद्दे, तीन गुण. बाईंनी मात्र एकदा वर्गात विचारले होते, "अरे, रँड प्लेग थांबवायलाच आला होता ना? मग लोक एवढे का चिडले?" आपण सगळे गप्प. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि प्रश्न तिथेच राहिला. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, इतिहास सुटला. चाळिशीत हा प्रश्न पुन्हा समोर आला, म्हणून स्मरणिकेसाठी त्यावरच लिहायचे ठरवले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांतच पुण्यात पोहोचला. त्यात दुष्काळाचे दिवस. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. रोगी ओळखायचा, त्याला घरातून हलवायचा, घर निर्जंतुक करायचे, हे त्या काळच्या समजुतीप्रमाणे योग्यच उपाय होते. मार्चमध्ये पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला. त्याच्याकडे अधिकार होता, पैसा होता, शेकडो गोरे सोजीर होते आणि आखीव योजना होती. सोजीर बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. सामान रस्त्यावर आले, काही जाळले गेले. बायकांची तपासणी चारचौघांत झाली. आजारी माणसाला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेत. लोक रोगी लपवू लागले. म्हणजे ज्या कामासाठी योजना होती, त्यालाच ती आडवी आली.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते समितीच्या अहवालातल्या एका नोंदीने. स्त्रियांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लागल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, याबद्दल अहवालात समाधान व्यक्त केलेले आहे. तक्रार कोण करणार होते? आणि कोणाकडे? गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे या अत्याचारांबद्दल जाहीर आरोप केला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना आणि गोखल्यांना माफी मागावी लागली. कागदोपत्री सगळे ठीक होते. रस्त्यावर मात्र २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला गेला. चापेकर बंधू फासावर चढले.

आता त्याच साथीतले दुसरे चित्र. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत लष्करात होते. त्यांना त्यांनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. लक्षात घ्या, उपाय तोच होता. रोग्याला घरातून, वस्तीतून बाहेर काढून माळावर न्यायचे. फरक एवढाच, की न्यायला सावित्रीबाई स्वतः जात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या शहराने कधीकाळी त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला, त्याच शहराच्या साथीत त्या गेल्या. यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले.

मुंढवा ते हडपसर हा माझा रोजचा ऑफिसचा रस्ता. आज तिथे आयटी पार्क आहेत आणि सिग्नलला वीस मिनिटे जातात. त्या गर्दीत मला ती पाठीवर मूल घेतलेली म्हातारी बाई दिसू लागली, त्यामागे माझे स्वतःचे एक कारण आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्याकडे बारा जणांची टीम होती. रिलीज तोंडावर आले होते. टीममधला एक मुलगा दोन दिवस मीटिंगला आला नाही, मेसेजला उत्तर नाही. मी फोन केला नाही. वरच्या साहेबांना कॉपी ठेवून एक मेल टाकला. भाषा सभ्य होती, नियमाला धरून होती. तिसऱ्या दिवशी त्याने काम पूर्ण करून पाठवले. त्या दोन दिवसांत तो वडिलांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत फिरत होता, हे मला आठवडाभराने दुसऱ्याकडून कळले. तोवर वडील गेले होते.

मी त्याला फोन करून माफी मागितली. म्हटले, "अरे, एकदा सांगायचंस तरी." तो शांतपणे म्हणाला, "सांगून काय झालं असतं, मॅडम?" आमच्या टीममधून कधी एकही तक्रार वर गेलेली नव्हती. त्याचा मला अभिमान वाटायचा. अहवालातली ती ओळ पुढे वाचनात आली, तेव्हा ती माझ्याबद्दलच लिहिली आहे असे वाटले.

मी काही रँड नाही आणि सावित्रीबाई होण्याची माझी पात्रता नाही. पण आता एक नियम पाळते. कोणी दिसेनासे झाले, तर आधी फोन, मग मेल. आणि तक्रार आली नाही म्हणजे सगळे बरे चालले आहे असे धरून चालत नाही. यामुळे काम मागे पडते असेही नाही. उलट अडचण वेळेवर कळते. रोगी लपवले जात नाहीत.

बाई मेळाव्याला येणार आहेत असे कळले. बाई, त्या दिवशी घंटा झाली म्हणून उत्तर राहिले होते. लोक उपायावर चिडले नव्हते. आपल्या घरात शिरलेल्या माणसाला आपण माणूस दिसतच नाही, यावर चिडले होते. गुण किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.