थंड पाण्याचीं तीन पिंपें

पराक्रमी पुरुषांच्या कथा सर्वच देशांत आहेत, आणि वीराची शक्ति शत्रूवर कशी कोसळली याचें वर्णन त्या सर्व कथा मोठ्या आवडीनें करितात. परंतु तीच शक्ति आपल्याच घरावर उलटूं लागली तर काय करावें, हा प्रश्न फार थोड्या कथांनीं सरळपणें विचारलेला आहे. आपल्या महाभारताच्या सौप्तिकपर्वांत तो आहे. अर्जुन व अश्वत्थामा या दोघांनाही अस्त्र सोडतां येत होतें. परत घेतां येत होतें तें एकट्या अर्जुनाला. युरोपच्या पश्चिम टोंकाला, आयर्लंडांत, हाच प्रश्न एका सात वर्षांच्या मुलाच्या कथेंत आला आहे. त्या मुलाची, आणि पुढें त्याच्या कथेचें काय झालें त्याची, हकीकत आज सांगावयाची आहे.

या मुलाचें मूळचें नांव सेटांटा. अल्स्टर प्रांताच्या कोनोर राजाच्या बहिणीचा तो मुलगा. कुलान नांवाच्या लोहाराकडे मेजवानीला तो उशिरां पोंचला, तेव्हां राखणीचा भयंकर कुत्रा त्याच्या अंगावर धांवून आला आणि मुलानें त्याला जागच्या जागीं ठार केलें. लोहार शोक करूं लागला. त्यावर मुलगा म्हणाला कीं, याच जातीचें पिल्लूं वाढून मोठें होईपर्यंत तुमच्या घराची राखण मी करीन. तेव्हांपासून त्याला कुहुलिन, म्हणजे 'कुलानचा कुत्रा', हें नांव पडलें. ज्या नांवानें तो अजरामर झाला, तें नांवच मुळीं एका नुकसानीच्या भरपाईचें आहे, हें आपण ध्यानांत ठेवूं.

पुढें एके दिवशीं काहबाद या द्रष्ट्या पुरोहिताचे शब्द त्याच्या कानीं पडले. आज जो शस्त्र धारण करील त्याची कीर्ति अमर होईल, पण आयुष्य थोडें राहील, असें तें भाकित होतें. मुलगा तत्काळ राजाकडे गेला व शस्त्रें मागूं लागला. रथांत बसून तो सरहद्दीवर गेला आणि अल्स्टरच्या तीन वैऱ्यांचीं डोकीं घेऊन परतला. परंतु परततांना त्याचा आवेश उतरेना. अशा वेळीं त्याचें शरीर कातडीच्या आंतल्या आंत फिरे, एक डोळा खोल आंत जाई, दुसरा बाहेर येई, आणि आपलें कोण व परकें कोण हें भान राहत नसे. त्या स्थितींत तो राजधानी एव्हिन माखाच्या वेशीशीं आला, आणि आंतील प्रत्येकाचें रक्त सांडीन अशी धमकी देऊं लागला.

राजानें काय केलें? त्यानें सैन्य पाठविलें नाहीं. त्यानें राणीसह नगरांतील स्त्रियांना निर्वस्त्र स्थितींत त्याच्यासमोर पाठविलें. मुलानें लाजून तोंड लपविलें, आणि तेवढ्या क्षणांत वीरांनीं त्याला उचलून थंड पाण्यानें भरलेल्या पिंपांत बसविलें. त्या पिंपाच्या फळ्या व पट्ट्या फुटून गेल्या. दुसऱ्या पिंपांतलें पाणी मुठीएवढे बुडबुडे येऊन उकळलें. तिसऱ्यांतलें पाणी मात्र सोसवेल इतकेंच गरम झालें. मग राणीनें त्याला वस्त्रें दिलीं आणि तो राजाच्या पायांशीं जाऊन बसला. ती पुढें त्याची कायमची जागा झाली.

या प्रसंगांत कोणीही मुलाला शक्ति टाकून दे असें म्हणत नाहीं. एका पिंपानें तो शांत होणार नाहीं हें धरून तीन पिंपें भरून ठेविलेलीं आहेत. आणि शांत झाल्यावर त्याला शिक्षा नाहीं, तर सभेंत जागा मिळते. स्वतःला आवरण्याचें सामर्थ्य त्या मुलांत नव्हतें. तें काम नगरानें अंगावर घेतलें.

हें नगर ज्या ठिकाणीं होतें असें मानतात, ती टेंकडी आजच्या आर्मा शहराजवळ आहे. तेथील उत्खननांत सुमारें ४० मीटर व्यासाची एक लांकडी वास्तु सांपडली असून तिच्या मधल्या खांबाचें झाड इ. स. पूर्व ९५ च्या सुमारास तोडलेलें आहे. कथा लिहिली गेली ती मात्र फार उशिरां, ख्रिस्ती मठांत. तिची सर्वांत जुनी उपलब्ध प्रत क्लॉनमॅकनॉइस येथें इ. स. ११०० च्या सुमारास तयार झाली. त्याच शतकांतील दुसऱ्या एका प्रतीच्या शेवटीं एक मोठी गंमत आहे. ही कथा बदल न करितां जो मुखोद्गत करील त्याला प्रथम आयरिश भाषेंत आशीर्वाद दिला आहे. आणि लगेच लॅटिनमध्यें लेखक सांगतो कीं, यांतील गोष्टींवर माझा विश्वास नाहीं, यांत कांहीं भुतांची माया आहे व कांहीं मूर्खांची करमणूक! या कथेंतलें तेज आणि तिच्यांतला धोका, दोन्ही त्या लेखकाला जाणवले असावेत.

सतरा वर्षांचा झाल्यावर कुहुलिनवर खरा प्रसंग आला. कॉनॉटची राणी मेव एका बैलासाठीं अल्स्टरवर चालून आली. शापामुळें अल्स्टरचे सर्व वीर दुर्बल होऊन पडले होते. हा मुलगा एकटा उतारावर उभा राहिला. राणीनें त्याच्यासमोर त्याचा गुरुबंधु फरदिया याला पाठविलें. दिवसा दोघे लढत आणि रात्रीं एकमेकांना औषध व अन्न पाठवीत. चौथ्या दिवशीं कुहुलिननें त्याला मारिलें, आणि तो प्रेतावर पडून रडला. उताराजवळच्या गांवाला आजही फरदियाचें नांव आहे. येथें त्याला आवरणारें कोणी नव्हतें. नगर निजलें होतें, आणि पिंपें दूर राहिलीं होतीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ही कथा पुन्हां जागी झाली. लेडी ग्रेगरी यांचें इंग्रजी रूपांतर १९०२ सालीं निघालें. पॅट्रिक पिअर्स यांनीं १९०८ सालीं डब्लिनमध्यें शाळा काढली, तेव्हां तेथें शस्त्र घेणाऱ्या बाल कुहुलिनचें चित्र लाविलें. १९१६ च्या एप्रिलांत त्यांनीं उठावाचें नेतृत्व केलें. शाळेचे कांहीं माजी विद्यार्थीही त्यांत होते. ३ मे रोजीं पिअर्स यांना गोळी घालण्यांत आली. उठावाचें ठाणें असलेल्या डब्लिनच्या मुख्य टपालकचेरींत १९३५ सालीं मरणोन्मुख कुहुलिनचा पुतळा स्मारक म्हणून बसविला गेला. स्वतःला खांबाला बांधून घेतलेला वीर व त्याच्या खांद्यावर पक्षी, असें तें शिल्प आहे. पुढें नवल असें घडलें कीं, बेलफास्टमध्यें त्याच पुतळ्याची आकृति ब्रिटनशीं एकनिष्ठ असलेल्या सशस्त्र गटांनीं आपल्या भिंतींवर रंगविली. कारण त्यांच्या दृष्टीनें तो अल्स्टरचा रक्षक होता. १९६९ च्या सुमारास पेटलेल्या आणि १९९८ च्या करारानें बऱ्याच अंशीं शमलेल्या त्या संघर्षांत सुमारें साडेतीन हजार माणसें मेलीं.

श्रोतेहो, दोन्ही बाजूंनीं निवडलेलीं चित्रें पाहावीं. एकांत शस्त्र घेणारा मुलगा आहे, दुसऱ्यांत मरणारा तरुण आहे. मधला प्रसंग, पाण्यांत बसून निवणारा मुलगा, स्मारकासाठीं कोणींच निवडला नाहीं. त्यांत शोभा नाहीं हें खरें. परंतु तरुणांच्या अंगीं अशी आग प्रत्येक पिढींत येतच असते, आणि तिचा उपयोग करूं पाहणारेही पुष्कळ असतात. तो मुलगा वेशीवर येण्यापूर्वीं पाणी भरून ठेवणें आणि नंतर त्याला जवळ बसवून घेणें, हें काम मात्र नगराचें आहे.