शेपटीवर उभं विमान

रेडिओवर चालणारी विमानं उडवायला शिकणारा नवा माणूस मैदानावर आला की त्याचा एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो. "या ट्रेनरला मोठं इंजिन बसवलं तर ते हवेत उभं राहील का?" त्याने व्हिडिओ पाहिलेले असतात. नाक आभाळाकडे, शेपूट जमिनीकडे, आणि अख्खं विमान प्रॉपेलरला टांगल्यासारखं एका जागी थांबलेलं. सुट्टीच्या दिवशी नवशिक्यांना शिकवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला नेहमी येतो. "नाही" हे त्याचं एका शब्दातलं उत्तर. पण का नाही, हे सांगायला लागलं की नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

१९३३ सालापर्यंत अमेरिकेतल्या मॉडेल विमानांच्या स्पर्धा रबराच्या होत्या. पिळलेल्या रबराच्या दोऱ्या उलगडत आणि प्रॉपेलर फिरवत. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने पेट्रोलवर चालणारी विमानं आणली आणि रबरवाल्यांना मागे टाकलं. इंजिन होतं फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनचं. सुमारे १० घन सेंटीमीटरचं, ठिणगीवर चालणारं आणि जेमतेम एक पंचमांश अश्वशक्तीचं. त्याच्यासोबत बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर यांचं ओझंही विमानाला वाहावं लागे.

ही विमानं मुक्त उडायची. हातातून सुटली की पुढचं सगळं त्यांचं त्यांनी बघायचं. म्हणून त्यांची घडणच तशी असे. पंख धडाच्या वर, म्हणजे वजन खाली लोंबतं. पंखांची टोकं उचललेली, म्हणजे विमान एका बाजूला कललं की आपोआप सरळ होतं. पंखाचा खालचा भाग सपाट, म्हणजे कमी वेगातही उचल मिळते. आज जगातल्या कुठल्याही दुकानात ‘ट्रेनर’ म्हणून मिळणारं विमान पाहा, याच तीन गोष्टी दिसतील. ट्रेनरचा आकार नवशिक्यासाठी कागदावर आखलेला नाही. ज्या काळात विमानाला चालकच नव्हता, त्या काळातून तो वारशाने आला आहे.

चालक आला तोही दबकतच. मिशिगनमधल्या कॅलामाझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘गफ’ नावाचं आठ फूट पंखांचं विमान रेडिओने उडवलं. ते आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पुढची बरीच वर्षं सर्वसामान्य हौशी माणसाच्या हाती आलेलं नियंत्रण म्हणजे एस्केपमेंट. पिळलेल्या रबरावर चालणारी एक कळ, जी रेडिओचा संकेत मिळाला की एक घर पुढे सरके. पहिल्या दाबाला सुकाणू उजवीकडे, पुढच्याला डावीकडे, तेही पूर्ण. मधलं काही नाही. अनेक विमानांत इंजिनाचा वेग बदलायची सोयही नसे. इंधन संपलं की इंजिन थांबे आणि विमान तरंगत खाली येई. म्हणजे विमान स्वतःच उडत होतं. चालक फक्त अधूनमधून सूचना करत होता.

मग ताकद वाढत गेली. १९४७च्या अखेरीस रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं एकदा तापवलं की मिथेनॉलच्या वाफेमुळे ते लालच राहतं, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यावर बॅटरी काढून घेता येते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, विमान हलकं झालं. मिथेनॉलमध्ये वंगण म्हणून एरंडेल मिसळत. लहानपणी ज्यांनी नाक दाबून एरंडेल घेतलं आहे, त्यांना हे ऐकून बरं वाटेल की जळलेल्या एरंडेलाच्या वासावर जीव टाकणारी माणसंही जगात आहेत. पुढे सिलिंडरमधल्या वायूंना वाट देण्याची शनुर्ले नावाच्या जर्मन अभियंत्याची जुनी पद्धत या छोट्या इंजिनांत आली. ब्राउनच्या इंजिनाएवढ्याच आकारातून आता जवळजवळ दोन अश्वशक्ती निघू लागली. म्हणजे दहापट.

त्याच सुमारास नियंत्रणही सुधारलं. १९६०च्या दशकात काठी जेवढी हलवू तेवढंच सुकाणू हलवणारे प्रपोर्शनल रेडिओ आले. असे रेडिओ बनवणाऱ्या फिल क्राफ्ट यांनी १९६७ साली कॉर्सिकात जागतिक अजिंक्यपदही जिंकलं. विमान आता खरोखर चालवता येऊ लागलं. ताकद आणि ताबा दोन्ही हाती आल्यावर माणसाला उभं राहायची इच्छा होणारच.

ही इच्छा मोठ्या विमानांना त्याआधीच झाली होती. अमेरिकन नौदलाला धावपट्टीशिवाय उडणारं लढाऊ विमान हवं होतं. कॉन्व्हेअरचं ‘पोगो’ शेपटीवर उभं राहायचं, थेट वर जायचं आणि वर गेल्यावर आडवं व्हायचं. साडेपाच हजार अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन आणि एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन प्रॉपेलर. १९५४ साली ‘स्कीट्स’ कोलमन यांनी ते उभं उडवलं, आडवं केलं आणि पुन्हा शेपटीवर उतरवलं. उतरताना त्यांना पाठीवर पडल्या अवस्थेत, खांद्यावरून मागे बघत जमिनीचा अंदाज घ्यावा लागे. उंचीचा अंदाज चुकला तर सावरायला जागा नव्हती. लॉकहीडच्या प्रतिस्पर्धी विमानाला तेच इंजिन मिळालं, अपेक्षित असलेलं जास्त ताकदीचं इंजिन आलंच नाही, आणि जमिनीवरून उभं उड्डाण त्याने कधीच केलं नाही. दोन्ही प्रकल्प गुंडाळले गेले. पोगोच्या बाबतीत इंजिन कमी पडलं नव्हतं. माणसाने ते विमान रोजच्या रोज उतरवायचं कसं, याचं उत्तर सापडलं नव्हतं.

आता आपल्या ट्रेनरकडे येऊ. थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

साधारण अडीच किलोचं विमान आणि ११ इंची प्रॉपेलर घेऊ. हवेत स्थिर लटकायचं तर प्रॉपेलरची ओढ विमानाच्या वजनाइतकी हवी. आदर्श प्रॉपेलरला यासाठी सुमारे ३२० वॅट लागतात; खऱ्या प्रॉपेलरचा तोटा धरला तर साडेपाचशेच्या पुढे, म्हणजे पाऊण अश्वशक्ती. हेच विमान आडवं, संथ उडवायला शंभर वॅटच्या आसपास पुरतात. मधला फरक पंख भरून काढतात. शिवाय वजन दुप्पट झालं तर लटकायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते. आणि प्रॉपेलरचा व्यास दुप्पट केला तर ती निम्म्यावर येते. हेलिकॉप्टरचं पातं एवढं लांब का असतं, याचं उत्तर इथेच आहे.

आता गंमत अशी की ट्रेनरला नेहमी बसवलं जाणारं साडेसात घन सेंटीमीटरचं चांगलं इंजिन असा प्रॉपेलर फिरवताना सुमारे एक अश्वशक्ती देतं. म्हणजे ताकद काठावर का होईना, पुरते. हे हातालाही कळतं. इंजिनाचं मिश्रण जुळवताना आम्ही विमान घट्ट धरून पूर्ण थ्रॉटलवर त्याचं नाक आभाळाकडे करतो. टाकी खाली आणि कार्बुरेटर वर असतानाही इंजिन मरत नाही ना, हे बघायला. त्या क्षणी विमान हातात वजनहीन होतं. नवशिक्याचे डोळे चमकतात. "बघा, उभं राहिलं की!"

उभं राहिलेलं नसतं, आपण धरलेलं असतं. हात काढले तर ते एका बाजूला कलेल, आणि त्याला सावरायला वारा नसेल. विमानाची सुकाणूं चालतात ती त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेवर. एका जागी थांबलेल्या विमानावर वारा फक्त प्रॉपेलरचा, आणि तो झोतही मागे जाताना आक्रसत जातो. ११ इंचांचा झोत शेपटीपाशी पोचेपर्यंत जेमतेम आठ इंच उरतो. ट्रेनरची शेपूट दोन फूट रुंद. तिचा बहुतेक भाग त्या झोताबाहेर, निरुपयोगी. त्यात सुकाणूं अरुंद आणि मुद्दामच थोडी वळणारी. पंखांची उचललेली टोकं, पुढे ठेवलेलं वजन, खाली आणि उजवीकडे कललेलं इंजिन, या सगळ्या सोयी सरळ उड्डाणासाठी आहेत. उभं राहताना प्रत्येक सोय आडवी येते. इंजिनाच्या उलट्या पिळामुळे विमान स्वतःभोवती डावीकडे गरगरू लागतं, ते वेगळंच. म्हणून मोठं इंजिन बसवलेलं ट्रेनर उभं राहत नाही. ते जास्त जड होतं, जास्त वेगाने उडतं आणि जास्त जोरात आपटतं.

उभं राहणारी विमानं वेगळी घडवावी लागली. १९७४पासून लास व्हेगासला भरणाऱ्या ‘टुर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’मध्ये विमानं मोठी होत गेली, आणि अर्जेंटिनाच्या कीके सोमेन्झिनीसारख्या चालकांनी त्यांना प्रॉपेलरवर लटकवून गरगर फिरवून दाखवलं. सरळ पंख, भलीमोठी सुकाणूं, ४५ अंशांपर्यंतची वळणं. नंतर ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आल्या आणि दोन-तीनशे ग्रॅमचं फोमचं विमान घराच्या हॉलमध्ये उभं राहू लागलं. आज त्यात जायरो असतो, तो चालकाच्या वतीने सेकंदाला कितीतरी वेळा सावरून घेतो.

याला माझा विरोध नाही. फोमचं विमान पडलं तर डिंकाने चिकटतं. बाल्साचं पडलं तर महिनाभर रात्री जागवतं. पण शिकणाऱ्याला सुरुवातीलाच जादा ताकद दिली की एक गोष्ट शिकायची राहते, आणि ती महागात पडते. ताकदीने उडवणारा माणूस प्रत्येक चूक थ्रॉटल पुढे ढकलून दुरुस्त करतो. पंख आपल्याला काय देतो, वेग कमी झाल्यावर काय काढून घेतो, उंचीच्या बदल्यात वेग कसा घ्यायचा, हे त्याला कधी मोजावंच लागत नाही. आणि इंजिन एक दिवस बंद पडतंच. इंधन संपतं, बॅटरी उतरते. त्या क्षणी हातात विमान उरतं आणि पंख उरतो, समोर मैदानावर माणसं उभी असतात. ज्याने अशक्त ट्रेनरवर शंभर उतरणी केल्या आहेत, तो नाक किंचित खाली करून वेग राखतो आणि माणसांपासून दूर वळतो. ज्याने फक्त उभं राहायला शिकून घेतलं आहे, तो थ्रॉटल पुढे ढकलतो. पुढे काहीच नसतं.

म्हणून नवशिक्याला मी आता एक सौदा सुचवतो. पन्नास वेळा, मैदानाच्या वर सुरक्षित उंचीवर, इंजिन अगदी मंद करून विमान आपण दाखवू त्या जागी उतरवायचं. ते जमलं की हवं ते इंजिन घे, हवं ते विमान उभं कर, मी बॅटरी चार्ज करून देईन. बहुतेक जण पहिल्या दहांत वैतागतात. विसाव्याच्या आसपास बोलणं कमी होतं. तिसाव्यानंतर ते विमानाकडे बघायला लागतात, आणि थ्रॉटलवरचा अंगठा आपोआप सैल पडतो.