हुंडीची खातरजमा

पूर्व नागपुरातील कळमन्याच्या बाजार आवारात संत्री, मिरची आणि धान्य यांचा जो मोठा व्यवहार आज चालतो, त्याचे मूळ इतवारीच्या जुन्या पेठेत, आणि त्याहीमागे भोसल्यांच्या राजधानीतील गोसावी सावकारांच्या पेढ्यांत शोधावे लागते. कारण परगावच्या, कधीही न पाहिलेल्या इसमाच्या कागदावर रक्कम द्यावी की न द्यावी, हा आजच्या अडत्यापुढील प्रश्न त्या पेढ्यांपुढेही नित्य उभा असे.

त्याचे उत्तर हुंडीच्या रचनेतच सामावलेले होते. रक्कम अंकांत आणि अक्षरी लिहून भागत नसे. हजाराच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ असाही उल्लेख करीत, म्हणजे एखादे शून्य वाढवू पाहणाऱ्याला सारा मजकूरच नव्याने लिहावा लागे. हुंडी लिहिणारा सावकार परगावच्या पेढीस निराळ्या पत्राने तिची वर्दी देई. शाहजोग हुंडीचे पैसे तर पेठेत पत असलेल्या शहाच्याच हाती पडत, आणि ती बनावट ठरल्यास रक्कम परत करण्याचे दायित्व त्याच्यावर येई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ, तीही हरवल्यास परपैठ लिहून देत, आणि वटलेली हुंडी ‘खोका’ होऊन दप्तरी पडे. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताक्षणी द्यावयाचे असूनही ही रुजुवात टळत नसे, हे मला त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

आज जुन्या गिऱ्हाइकाच्या नावाने ई-मेल येतो, की आमचे बँक खाते बदलले असून रक्कम आजच नव्या खात्यात भरावी. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातील एखादे अक्षर बदललेले असते. परंतु त्या गिऱ्हाइकाचे ई-मेल खातेच चोराच्या ताब्यात गेले असेल, तर पत्ताही खराच दिसतो, आणि अशा वेळी सावकारांच्या त्या निराळ्या पत्राचे काम दूरध्वनीलाच करावे लागते, तोही ई-मेलात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर. एनईएफटीची रक्कम वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांकावरून जमा होत असे. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2025 च्या एप्रिलपासूनचा आहे. तोतयेगिरीच्या अशा फसवणुकीस माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ड कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. तथापि गेलेली रक्कम काही तासांतच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात वळवली जात असल्याने आपल्या बँकेस आणि 1930 या क्रमांकावर तत्काळ वर्दी देणे हाच ती अडवण्याचा खरा मार्ग आहे.