भोण येथील विहिरी

* भोण (ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा) : पूर्णेच्या खोऱ्यातील हे स्थळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 2002 पासून उत्खनन केल्यावर प्रकाशात आले. विटांच्या स्तूपाची चर्चा झाली; माझ्या मते तेथील विहिरी अधिक बोलक्या आहेत. भाजक्या मातीच्या कड्या एकावर एक रचून त्या बांधल्या आहेत. एक कडी उचलून संग्रहालयात ठेवली, तर ती केवळ कुंभाराचे कसब सांगेल. अशा रचना अन्यत्र सांडपाण्याचे शोषखड्डे म्हणूनही वापरल्या गेल्या, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर कडीत नाही, जमिनीत आहे : तळाचा थर वाळूचा की कुजक्या गाळाचा, खोली पाण्यापर्यंत पोहोचते की नाही, शेजारी घर आहे की मोकळी जागा. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या भूजलाचा. येथे गोडे पाणी शोधणे हीच वस्तीची पहिली अट असणार. म्हणून अवशेष म्हणजे वस्तू नव्हे, वस्तू आणि तिची जागा यांचा संबंध होय.

भोणचे हे स्थळ जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येत असल्याने वस्तू आणि जागेच्या संबंधाचा हा प्रश्न निकडीचा झाला आहे. विदर्भाच्या शेतीला पाणी हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र ‘वस्तू हलवल्या, नोंदी केल्या, काम झाले’ हे म्हणणे अपुरे आहे. नोंद आजच्या प्रश्नांपुरतीच असते. परागकणांचा किंवा मातीतील क्षारांचा उद्या विचारला जाणारा प्रश्न न उकरलेल्या थरालाच विचारावा लागेल. — संपादक