खिसा, विमा आणि दावा : भातकुलीच्या रुग्णाचे अर्थकारण

भातकुली (जि. अमरावती) : भातकुलीहून अमरावतीकडे निघणाऱ्या सकाळच्या एसटीत प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांचे कागद आणि क्ष-किरण चित्रे सांभाळत बसलेला एखादा तरी प्रवासी हमखास आढळतो. अंतर जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचे. जिल्हा सामान्य रुग्णालय अर्थात 'इर्विन', विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय म्हणजेच बोलीतले 'सुपर', डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, असा वैद्यकीय सेवांचा पसारा अमरावतीत आहे. त्यामुळे डॉक्टर कोठे भेटेल, हा आता तेवढा अवघड प्रश्न राहिलेला नाही. बिल कोण भरणार, हा मात्र आहे.

हा तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. भूजल खारट असल्याने मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार येथे वर्षानुवर्षे होत आली आहे. डायलिसिसचा रुग्ण घरात असला, की आठवड्यातून दोन-तीनदा फेरी घडते. डायलिसिस शासकीय योजनेत मोफत होते; पण प्रवासभाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि बाहेरून आणावयाची औषधे कोणत्याही योजनेच्या पत्रकात दिसत नाहीत. कापूस किंवा तूर विकून आलेला पैसा पेरणीआधीच औषधाच्या दुकानात जातो, तो असा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात नागरिकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २००४-०५ मध्ये ६९.४ टक्के, २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के, तर २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के होता. घट मोठी आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र विमा आणि शासकीय योजना यांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांची महिन्याकाठची औषधे बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहतात आणि खिसा रिकामा होतो तो प्रामुख्याने त्यांनीच.

योजनांचा प्रवास

राज्यात जीवनदायी आरोग्य योजना १९९७ मध्ये सुरू झाली. तिचे विमाधारित रूप असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्या आठांत अमरावती होता, याचा येथे अनेकांना विसर पडला आहे. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबास वर्षाला दीड लाख, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांचे संरक्षण त्यावेळी होते. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर विस्तारली. पुढे अमरावती विभागासह शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांचाही समावेश झाला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा ज्योतिबा फुले यांचे नाव मिळाले आणि १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी एकत्रितपणे राबविली जाऊ लागली. सर्वच शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला व त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली. त्याआधीच, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले होते.

योजना अंगीकृत रुग्णालयातच चालते. तेथे बसणाऱ्या आरोग्यमित्रास शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवावे लागते; चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. आजार मंजूर यादीत नसेल तर संरक्षणाची रक्कम कितीही मोठी असो, तिचा उपयोग होत नाही. रात्री-अपरात्री जवळ दिसेल त्या दवाखान्यात रुग्ण नेणारे नातेवाईक नेमके येथेच अडकतात.

मेडिक्लेमचे गणित

नोकरदार व व्यापारी वर्गाचा आधार म्हणजे मेडिक्लेम. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ही पॉलिसी बाजारात आणली. २००० पासून खासगी कंपन्या आल्या. हप्ता वयाबरोबर वाढतो आणि नेमका निवृत्तीनंतर, उत्पन्न आटल्यावर, सर्वांत जड होतो. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे कंपन्यांना जानेवारी २०२५ मध्ये बंधनकारक करण्यात आले. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून हटला. पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणण्यात आला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू ठेवल्यास, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती लपविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही.

ग्राहक फसतो तो बहुधा खोलीभाड्याच्या अटीत. उदाहरणादाखल, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार रुपये, आहे असे समजू. रुग्णाने सहा हजारांची खोली चार दिवस घेतली. भाडे चोवीस हजार, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क साठ हजार, औषधे छत्तीस हजार. एकूण एक लाख वीस हजार. कंपनी केवळ भाडे निम्मे करीत नाही, तर त्याच प्रमाणात शस्त्रक्रियेचे शुल्कही निम्मे करते. औषधांना अशी कपात लागू करता येत नाही. परिणामी अठ्ठ्याहत्तर हजार मंजूर होतात आणि बेचाळीस हजार रुग्णाच्या माथी येतात. खोली निवडताना हे गणित कोणी समजावून सांगत नाही. एजंट तर नाहीच नाही.

दाव्यांचा प्रश्न

वैद्यकीय खर्च का वाढतो, या वादात अमेरिकेत नेहमी न्यायालयाकडे बोट दाखविले जाते. तेथे दिवाणी दावे ज्यूरीपुढे चालतात आणि भरपाईतील हिश्शावर वकील काम करतात. त्यामुळे डॉक्टर अनावश्यक तपासण्या करतात, असा आक्षेप आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वेदना व मनस्तापापोटीच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. ती २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वाढविली जात आहे. टेक्सासने २००३ मध्ये तोच मार्ग धरला. तथापि अशा सुधारणांनी देशाचा एकूण आरोग्यखर्च जेमतेम अर्धा टक्का घटेल, असा अंदाज अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००९ मध्ये वर्तविला होता. २०२४ मध्ये तेथे नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. दावे रोखून विमा स्वस्त होतो, ही समजूत या आकड्यांपुढे फारशी टिकत नाही.

भारतात भरपाईवर अशी मर्यादा नाही, ज्यूरी नाही आणि हिश्शावर वकिली करण्यास मनाई आहे. येथील खरी अडचण विलंबाची. वैद्यकीय निष्काळजीपणाचा पायाभूत खटला महाराष्ट्रातलाच आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचारादरम्यान दगावला. त्याच्या पित्याच्या बाजूने, जे स्वतः डॉक्टर होते, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १९६८ मध्ये. भरपाई होती तीन हजार रुपये. एका मूत्रपिंडाच्या रुग्णाचे मुंबईतील १९९१ मधील उपचारानंतर ऐकू येणे गेले; त्याचे प्रकरण २००९ मध्ये संपले, तेही त्याच्या विरोधात. अमेरिकेहून आलेल्या एका महिलेच्या कोलकात्यातील उपचारांनंतर १९९८ मध्ये मुंबईत झालेल्या मृत्यूप्रकरणी सुमारे सहा कोटींची भरपाई जाहीर झाली, ती २०१३ साली.

१३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. सर्वांनाच मोफत उपचार देणारे रुग्णालय त्यातून सुटते. परंतु खर्च विमा कंपनीने सोसला असेल, तर ती सेवा मोफत मानली जात नाही. विमाधारित योजनेच्या लाभार्थ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नसल्याने डॉक्टर वगळले गेल्याचा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

डॉक्टरांचीही बाजू आहे. प्रत्येक मृत्यू म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. २००५ च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे निःपक्षपाती मत घ्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास इतरांना पाच, तर नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. रुग्णालयांची तोडफोड होऊ लागल्याने राज्याने २०१० मध्ये स्वतंत्र कायदाही केला.

तक्रारदाराने प्रथम उपचारांचे कागद मिळवावेत. मागणी केल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येत असल्याने उपचार नागपूर किंवा मुंबईत झाले असले, तरी भातकुलीच्या रहिवाशास अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. निकाल विरोधात गेल्यास राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवसांची मुदत असून, विदर्भाकरिता आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे.